शिक्क्याच्या अलीकडे वैशाली, पलीकडे योगेश

"काकू, हे पलीकडे गेले आणि मला इकडेच बसवलंय!"

मुंबईच्या विमानतळावरून वैशाली फोनवर रडायच्या बेतात होती. क्वालालंपूरचं विमान सुटायला तासभर उरला होता. मी नाशिक रोडच्या माझ्या ट्रॅव्हल ऑफिसात नुकताच चहा ओतला होता.

योगेश सातपूरला एका कारखान्यात कामाला. लग्न नुकतंच झालेलं. मलेशियाची सगळ्यात स्वस्त तिकिटं मीच काढून दिली होती. विमान चुकलं तर पैसे बुडणार, आणि योगेशला पुन्हा इतकी रजा मिळणार नव्हती.

वैशालीच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा होता. पासपोर्ट काढताना दहावीचं सर्टिफिकेट जोडलं नाही की तो येतो. असा पासपोर्ट असला की काही देशांत नोकरीला जाताना सरकारची परवानगी लागते. फिरायला लागत नाही. पण आपण खरंच फिरायला चाललोय, हे इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला पटावं लागतं.

"परतीचं तिकीट दाखवलंस ना?"

"ते ह्यांच्या फाइलमध्ये. आई म्हणाल्या होत्या, कागद पुरुषमाणसाजवळ असू दे."

"मग योगेशला हाक मार."

"मारली. पण त्यांच्या पासपोर्टवर शिक्का बसलाय, आता इकडे येता येत नाही म्हणे. साहेबांनी त्यांना तिथूनच बायकोचं नाव विचारलं. तर हे म्हणाले, ईश्वरी!"

मी कप खाली ठेवला.

आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहितात. घरी सगळे त्या नावाने हाक मारू लागतात. पासपोर्टला त्याचा पत्ता नसतो. आता अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. एक मुलगी परदेशी निघाली आहे, आणि नवरा म्हणवणाऱ्याला तिचं नाव माहीत नाही.

अधिकारी फोनवर आले. "मॅडम, एजंटचा शब्द मी पुरावा कसा धरू?"

"नका धरू. मला पाच मिनिटं द्या."

"घ्या. विमान माझं नाहीये."

परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग वैशालीच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. मग योगेशच्या आईंना फोन लावला.

"ताई, तांदळात नाव लिहितानाचा व्हिडिओ आहे का?"

"आहे की! का हो?"

"वैशालीला लगेच पाठवा."

"आम्ही ईश्वरी म्हणतो तिला."

"म्हणूनच अडकलीय ती. आधी पाठवा!"

पुढचं मला वैशालीने नंतर सांगितलं. व्हिडिओत योगेश घाम पुसत अंगठीने अक्षरं काढतोय. मागून बहीण ओरडते, "दादा, आटप, वहिनी म्हातारी होईल!" शेवटी मामा खड्या आवाजात सांगतात, "आजपासून आमच्या वैशालीची ईश्वरी झाली!" अधिकाऱ्यांनी तो दोनदा पाहिला. शेजारच्या काउंटरवालीलाही दाखवला.

"तुम्हाला कोणतं नाव आवडतं?" त्यांनी वैशालीला विचारलं.

"वैशाली."

"नवऱ्याला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग सांगा आता. तिकडे वेळच वेळ आहे." आणि त्यांनी शिक्का मारला.

विमानात सगळ्यात शेवटी तेच दोघं चढले.

परत आल्यावर योगेश ऑफिसात चॉकलेटं घेऊन आला. "वैशालीने दिलीत," म्हणाला. त्याच्या आई आता दोन्ही नावांनी हाक मारतात. एरवी ईश्वरी, रागावल्या की वैशाली.

माझंही नाव लग्नात बदललं होतं. हे मात्र घरात जुन्याच नावाने हाक मारायचे. गेल्या वर्षी हे गेले. आता ते नाव फक्त माझ्या पासपोर्टवर आहे. त्याची मुदत संपत आली होती, परवा नवा काढून घेतला. नाव तेच ठेवलं.

तर, ज्याचे कागद त्याच्या हातात असावेत. आणि नवऱ्यांनी बायकोच्या पासपोर्टवरचं नाव पाठ करूनच रांगेत उभं राहावं.