कणगीतला हात

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की मी लांब उभी राहून हसायची. तरी हे लिहितेय... चौथीत शाळा सुटली माझी, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. इतक्या लांब इंदूरला आपल्या भाषेतलं हे सदर वाचायला मिळतं, तेच मोठे उपकार.

गाव आमचं वैशाखऱ्याच्या अलीकडे, मुरबाडहून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला. दुसरी लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं. मी बारा वर्षांची. त्या पावसाळ्यात बानं मुलगा हवा म्हणून दुसरी बायको आणली. आईनं घरात बोलणंच सोडलं. मी सारखी शेजारी जाऊन बसायची, कारण शेजारच्या काकूची भाची भातलावणीच्या कामाला आली होती — गुणा. माझ्याहून वर्षभरानं मोठी.

गुणाबद्दल काय सांगू... डाव्या मनगटावर गोंदलेली चंद्रकोर, खाली एक ठिपका. ती पाण्याला निघाली की मी माझा भरलेला हंडा परसात ओतून तिच्यामागं जायची. एकदा तिनं माझी वेणी घातली, ती मी चार दिवस सोडली नाही. विहिरीवरच्या बायका चिडवायच्या, "गुणाचं लगीन झालं का पाठराखीण म्हनून हिलाच धाडा. परत येयाची नाय ती." सगळ्या हसायच्या, मला हसू यायचं नाही. मैत्रीण म्हणावं तर तो शब्द पुरत नव्हता, आणि दुसरा शब्द मला कुणी शिकवला नव्हता.

दिवाळी झाली नि गुणा गेली. तिचा बाप वाशिंदला रेल्वेच्या लाइनवर खडी टाकायचा, त्याच्याकडे. चारच दिवसांनी शहापूरहून माझा मामा बैलगाडी घेऊन आला, आईला कायमची न्यायला. मीही जाणार होते. शहापूरहून वाशिंद जवळ... मी मनात तेच धरून बसले होते.

निघायच्या दिवशी दुपारी आमच्याच घरात राहणारी आत्या म्हणाली, नवं भात यायचंय, तेवढी कणगी लिंपून दे नि मग जा. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची, माणसाहून उंच टोपली, तोंड अरुंद. आतून शेणामातीनं लिंपायला घरातली सगळ्यात बारीक पोरगी उतरवायची, ही आमच्याकडची रीत. दरवर्षी मीच उतरायची. आत्यानं हात धरून मला आत सोडलं, वरून कालवलेल्या शेणामातीची पाटी दिली.

लिंपून झालं, मी हाक मारली. कुणी ओ दिली नाही. पुढच्या दाराची कडी बाहेरून लागल्याचा आवाज आला. मग अंगणात बैलांची घुंगरं वाजली.

तेव्हा कळलं, आत्यानं मला आजच का उतरवलं ते. नव्या बाईच्या हाताखाली त्यांना पोर हवी होती.

ओरडले, तर आवाज माझ्याच कानात फिरत राहिला. चढायला गेले, तर लिंपण ओलं — माझ्याच हातानं गुळगुळीत केलेलं. बोटं घसरत खाली येत होती. श्वासाला नुसता शेणाचा वास. घुंगरं लांब गेली.

मग वरच्या उजेडातून एक हात आत आला. मनगटावर चंद्रकोर, खाली ठिपका.

"रडू नको गो. पाय लाव, मी वढते."

मी दोन्ही हातांनी ते मनगट धरलं. नखं रुतत होती, तरी सोडलं नाही. काठावरून पलीकडे पडले नि बघते तर घरात कुणी नाही. पुढं बाहेरून कडी, मागच्या दाराला आतून अडसर. अडसर काढला आणि पळाले.

गाडी गावाबाहेरच्या चिंचेपाशी गाठली. आईला आत्यानं सांगितलं होतं, पोरीला यायचं नाय, रानात पळाली. मला शेणानं माखलेली बघून ती गाडीतून उतरलीच. "कोनी काढली तुला कणगीतून?" मी म्हटलं, गुणानं. गुणा तर दोन दिवसांच्या वाटेवर. मामा एवढंच बोलला, "बस गाडीत. माघारी बघू नको."

महिन्याभरानं मामाबरोबर वाशिंदला गेले. लाइनच्या कडेला गुणा बापाची भाकरी घेऊन उभी होती. मला विचारायचा धीर होईना. तिनंच डावा हात पुढं केला. चंद्रकोरीच्या दोन्ही बाजूंना नखांचे वाळलेले व्रण. म्हणाली, एका दुपारी खडी उचलताना अचानक उमटले. दिवस मोजला, तोच निघाला. मग हसली.

"नखं काप गो," म्हणाली. "लय लागली."

पुढं तिचं लग्न झालं. पाठराखीण म्हणून दुसरीच कुणी गेली. इकडे एका डॉक्टरांना हे सांगितलं, तर म्हणाले, भीतीनं अंगात बळ येतं, तुमच्या तुम्हीच चढलात. असेलही. पण मग ते व्रण?

माझं लग्न ठरलं तेव्हा शहापूरच्या बाजारात गोंदणारीण बसली होती. मामी म्हणाली, नवऱ्याचं नाव घालून घे. मी डावं मनगट पुढं केलं आणि चंद्रकोर मागितली, खाली एक ठिपका. घरात अजून विचारतात, नाव का नाही? मी सांगते, गोंदणारणीला अक्षर येत नव्हतं.