याडीचा नॉर्वेजियन सौदा

मला नॉर्वेची भाषा येते. म्हणजे कशी येते, तर तिथल्या माणसाला 'जेवलात का' असं मला विचारता येणार नाही, आणि तिथं कधी रस्ता चुकले तर मी चुकलेलीच राहीन. पण माल, गिऱ्हाईक, भाव, नफा, तोटा, ऑर्डर यातलं काय वाट्टेल ते विचारा, झोपेतून उठवून विचारा! आणि ही भाषा शिकले कुठं? सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या अलीकडं आमचा तांडा आहे तिथं, शेळ्यांच्या मधे बसून. कुणाला खरं वाटत नाही. न वाटो, माझं काय जातंय?

हिंगोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि माझ्या लग्नालाही फार वर्षं झाली नव्हती. मी बारावी कॉमर्स. एवढी शिकलेली सून म्हणून सुरुवातीला तांड्यावर माझं फार कौतुक झालं. मग दिवाळी सरली, ट्रक आला आणि कौतुक संपलं. आमच्याकडची बहुतेक घरं दिवाळीनंतर ऊस तोडायला जायची ती उन्हाळ्यातच परतायची. नवरा ऊस तोडायचा, मी मोळ्या बांधायची आणि सासू भाकरी उरकून आमच्या मागं मोळ्या वाहायला यायची. सासरे गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. थंडीत उसाची पाती गालाला कापते आणि दिवसभर चुरचुरत राहते. मला त्या ट्रकात पुन्हा चढायचं नव्हतं आणि हे मी घरात सगळ्यांना तोंडावर सांगून टाकलं होतं. माझा स्वभावच तसा आहे, पोटात काही राहत नाही.

सासूला मी याडी म्हणते. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत याडी म्हणजे आई. तिचं बोलणं इथं मराठीतच सांगते, नाही तर निम्मं तुमच्या डोक्यावरून जाईल. याडी काच आणि कवड्या लावून असे बटवे आणि झोळ्या शिवायची की बघणारा उभाच राहावा. पण तिचा खरा गर्व शिवणकामाचा नव्हता, सौद्याचा होता. तिचा बाप बैलांचा व्यापारी. कळमनुरीच्या बाजारात त्याच्या खांद्यावर बसून ती सौदे बघत मोठी झाली. बांगड्या घ्यायच्या असल्या तरी याडीबरोबर जाऊ नये, अर्धा दिवस जातो.

त्या उन्हाळ्यात पाणलोटाचं काम बघायला नॉर्वेची एक पोरगी आली आणि काही आठवडे आमच्याच तांड्यावर राहिली. आम्ही तिला पावणी म्हणायचो. तिला थोडी हिंदी यायची आणि मराठी ती रोज आमच्याकडून उचलायची. याडीच्या झोळ्या बघून ती येडीच झाली. म्हणाली, माझ्या मावशीचं समुद्राकाठच्या गावात छोटं दुकान आहे. दसऱ्याच्या सुमारास मी तिला घेऊन येते. तिला पटलं तर ती सगळ्या हिवाळ्याचं काम देईल.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सगळ्या हिवाळ्याचं काम म्हणजे ट्रक नाही! मी विचारलं, तुझ्या मावशीला इंग्रजी येतं का? पावणी हसून म्हणाली, "तुज्याएवढंच." म्हणजे झालंच की. मी म्हटलं, मग तू मला तुझीच भाषा शिकव, दुकानापुरती.

याडी चुलीपुढं बसून ऐकत होती. ती म्हणाली, "हे बघ, ऑर्डर भेटली तर यंदा ट्रक न्हाई. तू बी न्हाई, मी बी न्हाई. न्हाई भेटली तर तोंडातून शब्द न काढता चढायचं. बोल, मंजूर?"

"मंजूर," मी म्हणाले. शब्द न काढता राहणं मला कधी जमलेलं नाही, तरी लगेच म्हणाले, हे विशेष.

नवऱ्याच्या लग्नातल्या गाण्यांची एक कॅसेट होती, ती आम्ही पुसली. लग्न त्याचं एकट्याचं होतं का? माझंही होतंच. तरी तो दोन दिवस फुगून बसला. त्या कॅसेटवर आधी पावणीचा आवाज, मग माझा, आणि दोघींच्या मधे कोंबड्या. ती म्हणायची 'प्रीस', मी म्हणायची भाव. ती 'वारे', मी माल. 'कुन्ने' म्हणजे गिऱ्हाईक, 'ख्योपे' म्हणजे विकत घेणं, 'दीर्त' म्हणजे महाग, 'बिली' म्हणजे स्वस्त. 'बेस्तिलिंग' म्हणजे ऑर्डर. आणि सौदा ठरला की 'आव्ताले'. हा शब्द म्हणताना ती हात पुढं करायची, म्हणून कॅसेटवर तिथं आमच्या बांगड्यांचा आवाज येतो.

पावणी गेली, पाऊस आला, पेरण्या झाल्या. खुरपणीला जाताना मी टेपरेकॉर्डर घेऊन जायची आणि बाभळीला टांगायची. बाकीच्या बायका आधी हसायच्या. मग त्यांच्याही तोंडात ते शब्द बसले. लेकरं तर बांधावरून ओरडायची, "दीर्त! बिली!" आणि 'बिली' म्हटलं की पाठोपाठ मांजराचा आवाज काढायची. याडी शिकत नाही असं दाखवायची, पण तिचे कान सगळे टेपकडं. तोट्याला त्यांच्यात 'ताप' म्हणतात, हे ऐकून तिनं खुरपं खाली ठेवलं. "बराबर हाय. शहाणी माणसं दिसून राहिली." आणि 'नाही'ला ते लोक चक्क 'नाय' म्हणतात, हे कळल्यावर तर तिची खात्रीच पटली की ही माणसं मूळची इकडचीच असणार.

एकच गोष्ट कुणाला पटली नाही. कॅसेटच्या शेवटी पावणीनं सांगितलं होतं, आमच्याकडं 'फास्त प्रीस' असतो. भाव एकदाच सांगायचा आणि समोरच्यानं तो द्यायचा. घासाघीस केली तर माणसाला रीतभात शिकवलेली नाही असं समजतात. मी हे सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. बायका पोट धरून हसल्या.

"असं कुठं असतंय व्हय?" याडी म्हणाली. "मग दुकानदार दिवसभर करतो काय?"

दसऱ्याला दोघी आल्या. औंढ्याला देवदर्शन केलं, लॉजवर उतरल्या आणि त्याच रात्री पावणीचं पोट बिघडलं, कशानं कोण जाणे. सकाळी आमच्या तांड्यावर जीप आली, तिच्यातून उतरली ती एकटी मावशी. उंच, पांढरे केस, उन्हानं नाक लाल झालेलं. पोटावर हात ठेवून तिनं खुणेनंच भाचीची हकीकत सांगितली. दुभाषी पडली आजारी, आता सगळा भार माझ्यावर आणि त्या कॅसेटवर.

अंगणात घोंगडी अंथरली. त्यावर याडीनं बटवे आणि झोळ्या मांडल्या. सगळा तांडा गोळा झाला. मावशी बघत गेली, हात न लावता, हात मागं बांधून. देवळात फिरावं तशी फिरली. मग तिनं मला विचारलं, 'प्रीस?' तो शब्द मला कळला आणि मी आनंदानं अक्षरशः टाळी वाजवली! मी याडीला विचारलं. याडीनं रीतीप्रमाणं तिच्या मनातल्या भावाच्या दुप्पट भाव सांगितला. तो मी मावशीला सांगितला.

मावशीनं मान हलवली. "या," ती म्हणाली. त्यांच्यात 'या' म्हणजे हो.

मी याडीकडं वळले. मला वाटलं ती खूश होईल. दुप्पट भाव! पण याडीचा चेहरा पडला होता. खाली वाकली आणि एकेक झोळी उचलून गाठोडं बांधायला लागली.

"काहून?" मी म्हटलं. "याडी, अगं ती हो म्हणाली!"

"म्हणूनच. मला इकायचं न्हाई."

"अगं पण काहून?"

"तिनं हातात घेऊन बघितलं? एक काच ढिली हाय, एक टाका वाकडा हाय, काय तरी म्हणली? ज्याला माल पाह्यजे तो आधी नावं ठेवतो. हिनं तर बघितलंच न्हाई. हिला दया आली आमची. दयेचं मला नको." आणि गाठोड्याची गाठ मारली.

आता काय म्हणावं! एरवी तिच्या स्वाभिमानाचं मला कौतुक होतं, पण त्या क्षणी इतका राग आला की विचारू नका. मनात म्हटलं, ठेव तुझा मान ट्रकात, उसाच्या वाढ्यांबरोबर. माझे डोळेही भरून आले. मागच्या बायका कुजबुजून राहिल्या होत्या. मावशी बिचारी घाबरली होती. आपण काय चुकलो, हे तिला कळेना. तिच्या हिशेबानं तिनं मोठा मान दिला होता. कारागिराचा शब्द तिनं तसाच उचलला होता. एक म्हणत होती बघितलं नाही, आणि दुसरी बघून मोहरून गेली होती. दोघींच्या मधे मी उभी, खिशात मोजके दुकानातले शब्द.

मग मी गाठोडं सोडलं. एक झोळी काढली आणि मावशीच्या हातात कोंबली. तिचं बोट धरून मी काचेवर फिरवलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "दीर्त! तू म्हण, दीर्त!"

"नाय, नाय!" ती म्हणाली. तिला वाटलं मी तिला फटकारतेय. 

"नाय नव्हं बाई, दीर्त म्हण!" मी कपाळाला हात लावला, झोळी आपटली, पाठ फिरवून दोन पावलं गेले, परत आले, पुन्हा झोळी उचलली. कळमनुरीच्या बाजारातला अख्खा सौदा मी तिला एकटीनं करून दाखवला. तांडा हसायला लागला. मावशी बघत राहिली. आणि मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळलं. तिनं झोळी उन्हात धरली. नाकाजवळ नेली. उलटी करून आतले टाके बघितले, एकेक, खूप वेळ. मग याडीच्या पुढं जाऊन तिनं ती झोळी नाचवली आणि आभाळाकडं बघून ओरडली,

"फॉर दीर्त!" म्हणजे, फारच महाग!

याडी ताडकन उठली. "आत्ता कसं!" डोळे असे चमकले की विचारू नका. "बिली!" ती गरजली. पोराच्या लग्नातसुद्धा एवढ्या जोरात बोलली नसेल. "बिली हाय, बिली!" आणि मागून सगळ्या बायका, लेकरं, "बिली! बिली!" मांजरंही ओरडली, म्हणजे लेकरंच.

याडीनं ओढणीचा पदर पुढं घेतला आणि मावशीचा हात त्याखाली ओढला. बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, चारचौघांत आकडा बोलत नाहीत. किती बोटं धरली, यावर भाव. हे मावशीला कुठून ठाऊक? याडीनं दोन बोटं दाबली. मावशीला वाटलं हात मिळवायचाय. तिनं याडीचा अख्खा पंजाच घट्ट धरला.

"अगं आई गं!" याडी किंचाळली. "हिनं तर भाव वाढवला! नाय, नाय!" तिनं बोट कमी केलं. मावशीनं हसत "फॉर दीर्त!" म्हणून पुन्हा सगळा पंजा धरला. याडी खाली उतरतेय, गिऱ्हाईक वर चढतंय! असा उलटा सौदा आमच्या तांड्यानं कधी बघितला नव्हता. मी जमिनीवर बसून हसत होते, उठताच येईना. शेवटी याडीनं दुसऱ्या हातानं मावशीची तीन बोटं दुमडली, दोन ठेवली आणि पदर काढून टाकला. तिच्या मनातला होता तोच भाव. दुप्पट घ्यायला ती तयारच नव्हती.

"आव्ताले?" मी विचारलं.

"आव्ताले!" मावशी म्हणाली. मग तिनं घोंगडीकडं आणि आम्हा दोघींकडं हात केला, पार उन्हाळ्यापर्यंत म्हणून तो लांब फिरवला आणि तो शब्द उच्चारला ज्याच्यासाठी मी सगळा पावसाळा टेप वाहिला होता. "बेस्तिलिंग." याडीला अर्थ सांगायची गरज पडली नाही. ती मावशीचा हात धरून तिला भाकरी खायला घरात घेऊन गेली.

दिवाळी झाली आणि ट्रक आला. हॉर्न वाजला तशी मी सवयीनं बोचकं शोधायला उठले. आम्ही शेजाऱ्यांची बोचकी वर चढवून दिली, त्यांच्या शेळ्या सांभाळायला घेतल्या. नवरा कळमनुरीला एका ट्रॅक्टरवर कामाला लागला. आम्ही दोघी अंगणात शिवायला बसलो. पहिले दिवस याडीला चैनच पडेना. मोकळ्या तांड्यात फेऱ्या मारायची आणि मलाच विचारायची, आता काय करायचं गं?

हिवाळ्यात घरी कुणी नसायचं म्हणून आमचं खालचं रान दरसाल हरभऱ्याला बटईनं, म्हणजे निम्म्या वाट्यानं, दुसऱ्याला दिलेलं असायचं. या खेपेला ते आम्हीच पेरलं. एका दुपारी दोरे संपले म्हणून विचारायला गेले, तर याडी घरात नव्हती. मी रानात गेले. सगळं रान गुडघाभर हिरवं झालं होतं, आणि मधल्या सरीत ती पाय पसरून बसली होती, मांडीवर हरभऱ्याच्या डहाळ्यांचा ढीग. घाटे सोलून सोलून खात होती. बोटं हिरवी, ओठ घाट्यांवरच्या आंबट आंबेनं फुटलेले.

मला बघून ती लाजली. मग मूठभर सोललेले दाणे माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "लगीन होऊन आले तवापासून एक हिवाळा घरी न्हाई काढला बघ. मला ठावंच नव्हतं गं, आपल्या रानातला हरभरा इतका गोड असतोय."