गालावर लावायचे रंग

रंग आणायला पुण्याला जायचंय, तू पण चल, असं भाची म्हणाली तेव्हा मी भांडी विसळत होते. मी म्हटलं, मैत्रिणींना घेऊन जा. ती ओट्याला टेकून म्हणाली, "त्यांना काय कळतंय? तोंडाला काय लावावं आणि काय लावू नये, हे तुझ्याइतकं कोणाला माहितीये, मावशी?"

तिच्या मनात काही नव्हतं. ती सरळ बोलते, आईवर गेलीय. तरी माझा हात नळाखाली तसाच राहिला.

माझ्या चेहऱ्यावर कोड आहे. नोकरीला लागले त्या वर्षी ओठाच्या कडेला तांदळाएवढा पांढरा ठिपका आला, मग डोळ्यांभोवती, मग हनुवटीवर. पुढची कितीतरी वर्षं मी लोक सांगतील ते लावत राहिले. बावचीचं तेल लावून उन्हात बसले आणि फोड उठवून घेतले. कातडीच्या रंगाची महागडी क्रीमं लावली, ती कारखान्याच्या ऑफिसात दुपारपर्यंत घामानं ओघळायची. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कातडी चिडते तिथं नवा डाग उठू शकतो. तेव्हा सगळं बंद केलं आणि आहे तसा चेहरा घेऊन बाहेर पडायला लागले. त्याची सवय झाली असं मात्र अजूनही म्हणवत नाही.

भाची कॉलेजसाठी माझ्याकडे तळेगावला राहते. आईवडील गावाकडं, औंढ्याला शेती करतात. गावच्या विहारात लहान मुलांचा कार्यक्रम होता, तिथं तिनं कोणाचे तरी रंग मागून पोरांच्या गालांवर फुलपाखरं काढली होती. पुढं शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर मुलांचे खेळ घ्यायला जायला लागली, तिथंही एकदा काढली. मॅनेजर म्हणाला, स्वतःचं सामान आण, दर आठवड्याला ये. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. बहीण फोनवर मला म्हणाली, "रंग फासायचं कोण पैसं देतंय व्हय? तू तिला जरा सांग की. तुझं लय ऐकती ती."

मी काही सांगितलं नाही. रविवारी तिच्याबरोबर गाडीत बसले.

रविवार पेठेतल्या एका दुकानात वाढदिवसाचं सगळं मिळत होतं. फुगे, टोप्या, मुखवटे, आणि मागच्या भिंतीवर छतापर्यंत रंग. विक्रेत्यानं चकचकीत खोका पुढं ठेवला. "हाच नेतात सगळे. नॉन-टॉक्सिक आहे." भाचीचे डोळे चमकले. मी खोका फिरवून बारीक अक्षरं वाचली. कागद, कापड, लाकूड यांसाठी, असं लिहिलं होतं. कातडीचं नाव कुठं नव्हतं.

"दादा, हे पोरानं चुकून चाटलं तर विष होणार नाही, एवढंच झालं. गालावर लावायला केलेलं नाहीये हे," मी म्हटलं.

त्यानं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला पाठ आहे. पुढं झुकून तो हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी वेगळं दाखवतो. वॉटरप्रूफ येतं. लग्नाला-बिग्नाला बरेच जण नेतात."

 भाची म्हणाली, "ते नकोय. आम्ही माझ्या कामाचं घ्यायला आलोय." तिचा आवाज चढला नव्हता. पण मला त्या ट्यूबलाइटखाली एक क्षणही थांबवेना. मी बाहेर येऊन शेजारच्या बांगड्यांच्या दुकानापुढं उभी राहिले, मग तिथूनही हलले, मग परत आले. पायाला थारा नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा पिशवीत तोच खोका होता.

"वाचून दाखवलं ना तुला?"

"मावशी, तू सांगतेस तसले, कातडीसाठीचे रंग याच्या चौपट महाग आहेत. आणि सगळे हेच वापरतात म्हणतो तो. तू जरा जास्तच घाबरतेस."

 परतीच्या गाडीत आम्ही शेजारी बसून दोन वेगळ्या खिडक्यांतून बघावं तशा बसलो.  तिचं बरोबर असेल, असंही मनात येत होतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आपली भीती आपण हिच्या गळ्यात बांधतोय का, हे काही केल्या ठरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोळ्या लाटायला बसली. एरवी पोळ्या मीच करते, म्हणून मी बघितलं. एवढ्या उकाड्यात तिनं लांब बाह्यांचा कुर्ता घातला होता. लाटताना बाही वर सरकली. कोपराखालच्या नाजूक कातडीवर तिनं रात्री ओळीनं रंगांचे ठिपके देऊन पाहिले होते. धुतल्यावरही त्यांची जागा कळत होती. पिवळ्याची जागा जरा गुलाबी होती. हिरव्याची जागा लाल होऊन सुजली होती आणि ती खाजवून खाजवून सोलवटली होती.

मला ओरडायचं होतं. त्याऐवजी फ्रिजमधून बर्फ काढला आणि फडक्यात गुंडाळून तिच्या हाताला धरला. ती म्हणाली, "हे एखाद्या बारक्या पोराच्या डोळ्याजवळ झालं असतं तर?"  मग तीच म्हणाली, "परत जाऊ या."

या वेळी नाटकवाल्यांच्या मेकअपचं सामान ठेवणारं दुकान शोधलं. तिथं पाण्यात कालवायच्या वड्या मिळाल्या, डबीवर त्वचेसाठी असं स्पष्ट छापलेल्या. पैशांत सगळे रंग बसेनात, म्हणून भाची काउंटरवर वड्या मांडून विचार करत बसली. जांभळा काढला, नारिंगी काढला. लाल-पिवळ्यातून नारिंगी होतोच. पांढरा आणि काळा मात्र मोठा घेतला. चमकीच्या दोन बरण्या होत्या. शोभेच्या कामाची स्वस्त चमकी मी बोटांत चोळली, ती टोचली. ती परत ठेवली, चेहऱ्याला लावायची घेतली. स्पंज भरपूर घेतले, एका मुलाला एकच. गोल टोकाचे ब्रश घेतले. सगळं झाल्यावर ती म्हणाली, "आता आरसा."

"आरसा कशाला?"

"काढून झाल्यावर पोरांना दाखवायला नको?"

आमच्या घरात बाथरूममध्ये तळहाताएवढा एक आरसा आहे, तोही भाची आली म्हणून लावलेला. तिनं दांड्याचा चांगला मोठा आरसा निवडला आणि धरायला माझ्याच हातात दिला. दुकानातून निघेपर्यंत मी तो पालथा धरला होता.

शनिवारी मी तिच्याबरोबर लोणावळ्याला गेले. तिनं बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. रिसॉर्टच्या हिरवळीवर तिनं टेबल मांडलं आणि बघता बघता रांग लागली. मी पाणी बदलत होते, वापरलेले स्पंज वेगळे टाकत होते. रांगेतली एक चिमुरडी माझ्याकडे एकटक बघत होती. तिनं विचारलं, "तुम्ही जिराफ झालात का?"

भाचीचा ब्रश थांबला. मुलीच्या आईनं तिला मागं ओढलं. मी म्हटलं, "नाही गं. हे रंगवलेलं नाही. पुसलं तरी जात नाही."

"दुखतं?"

"नाही."

तिला तेवढं पुरलं. तिला मोर हवा होता, आणि मोराला शेपूट केवढी असावी यावर तिचं भाचीशी बोलणं सुरू झालं. मी मात्र नुकतंच बदललेलं पाणी परत बदलून आणलं.

थोड्या वेळानं एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलाला वाघ व्हायचं होतं. त्याच्या दोन्ही गालांवर बारीक पुरळ होतं. भाचीनं त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, "गालावर नको, काका. हातावर वाघ काढते, आवडेल त्याला."

"बाकीच्यांना काढलंस ना? मग याला काय झालं?"

"त्याची स्किन चिडलीय. आणखी वाढेल."

त्यांनी मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर हसत हसत म्हणाला, "गेस्ट आहेत आपले. थोडंसं लावून दे." माझ्या मनात आलं, लाव बाई, एवढं काय, हे काम जाईल हातचं. भाची उठून उभी राहिली. "सर, चेहऱ्यावर मी नाही लावणार." गृहस्थ मुलाला घेऊन तणतणत निघून गेले. भाची खाली बसली, नवा स्पंज घेतला आणि पुढच्या मुलीला जवळ ओढलं. तिनं थोडा वेळ ब्रश नुसताच पाण्यात फिरवला.

त्या रिसॉर्टवरून परत फोन आला नाही. तो आठवडा ती फोन उशाशी घेऊन वावरली आणि मी तिच्यामागं. मग त्या मोरवाल्या मुलीच्या आईचा फोन आला. त्या तळेगावातच राहणाऱ्या निघाल्या. त्यांच्या सोसायटीत वाढदिवस होता. तिथून दुसऱ्या सोसायटीत, मग भाजे गावात लेणी बघायला येणाऱ्यांसाठी खोल्या भाड्यानं देणाऱ्या एका घरी दर रविवारचं काम. बहीण आता गावात सांगते, "पोरीनं सोताचा धंदा काढलाय, भाज्याच्या लेण्यापातूर जाती."

आता ती एकटीच जाते. मी घरी कपडे वाळत घालते, काढते, घड्या करते, त्याच परत उलगडते. दुपारी राहवत नाही म्हणून फोन लावते आणि विचारते, कोणाला काही झालं नाही ना? पलीकडून पोरांचा कल्ला ऐकू येतो. ती म्हणते, "मावशी, रांग आहे. ठेव."