सगळ्यांनी ऐकलेला फोन

मायक्रोवेव्हची बटणं टीं-टीं वाजली की मला परदेशातल्या प्लेनो गावातली ती वादळाची दुपार आठवते. मी आईच्या मैत्रिणीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला अडकले होते. आमच्या गल्लीत झाडं पडल्याचं कळलं होतं, आई घरी एकटी होती आणि मोबाइल बंद पडले होते. काकूंनी शांतपणे हातातल्या हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोक एकमेकांशी बोलतात त्या वायरलेस संचावर, आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्याचं ओळखनाव, सांगितला आणि त्याच्याच बटणांवर टीं-टीं करत आमच्या घरच्या वायरवाल्या फोनचा नंबर दाबला. "आमच्या रेडिओ क्लबच्या टॉवरवरून घरचा फोन लागेल. बटण दाबून बोल, सोडून ऐक. आणि चॅनेलवरचे सगळे ऐकतायत, बरं का!" चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, तरी मी बटण दाबलं. "आई, बरी आहेस ना?" "अगं, नुसतं कुंपण पडलंय. तू जेवलीस का? रडतेस काय?" "नाही," मी रडतच म्हटलं. फोन संपल्यावर रेडिओवर एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांचा आवाज आला, "इज मॉम ओके?" काकूंनी हो म्हणताच आणखी तिघाचौघांनी आनंद कळवला. मराठीचा एक शब्द कळत नसताना ते सगळे आमच्यासाठी चॅनेल मोकळं ठेवून गप्प बसले होते. आजही मी आईशी खोलीचं दार लावूनच बोलते. त्या दुपारी मात्र कोणीतरी ऐकतंय, याचाच आधार वाटला होता.