टांगा स्टँड हलवायचा ठराव

चार शहाणी माणसं रस्ता सुधारायला बसली की रस्ता होता तिथेच राहतो, किस्से मात्र वाढत जातात. पंचवटीत आमच्या आळीची एक रस्ता कमिटी होती. अध्यक्ष बापूसाहेब, कडक सोवळ्याचे. परक्या घरचं पाणीसुद्धा पीत नसत. सेक्रेटरी मी, कारण पहिल्या मीटिंगला मी उशिरा पोचलो.

* * *

पहिला ठराव रुंदीकरणाचा. रस्ता अरुंद आहे यावर एकमत. अडथळा कुणाचा? तर समोरच्याच्या ओट्याचा. दोन्ही बाजूंची मंडळी हेच म्हणाली आणि चहा पिऊन घरी गेली.

* * *

नदीकडच्या उतारावर टांगे भरधाव यायचे. आम्ही ऐन उतारावर पाटी लावली, 'टांगा सावकाश हाका.' आता टांगेवाल्यांना वाचता कुठे येत होतं? एकाने टांगा थांबवून वाटसरूला विचारलं, "काय लिवलंय ओ?" तेवढ्यात मागचा टांगा त्याच्यावर आदळला. दोघांनी खाली उतरून मिळून पाटीला शिव्या घातल्या.

* * *

मग टांगे नदीत जाऊ नयेत म्हणून काठाला दगड रोवले आणि लांबून दिसावेत म्हणून लाल रंगवले. लाल दगड, आणि तेही पंचवटीत! आधी फुलं आली, मग नारळ. यात्रेकरूंची अशी गर्दी व्हायला लागली की टांगे उभे करायला जागाच उरली नाही.

बापूसाहेब म्हणाले, "दगड हलवणं पाप. टांगे हलवा." नवा स्टँड ठरला गावाबाहेर, देवळाली कॅम्पाच्या रस्त्याला.

उस्मानभाई टांगेवाले माझ्याकडे आले. "साहेब, घाटावरचं पाशिंजर तिथवर चालत येनार हाय का? माझ्या पोरांनी खायाचं काय?" मला फार वाईट वाटलं. पण बापूसाहेबांपुढे बोलायची टाप कुणाची?

* * *

जागा पाहायला आम्ही उस्मानभाईंच्याच टांग्यातून निघालो. बापूसाहेब वाटेत म्हणाले, "या कॅम्पाच्या बाजूला मी जन्मात फिरकलो नाही."

त्या रस्त्यावर एक बेकरी होती. घोडा तिच्यासमोर आपणहून थांबला. उस्मानभाईंनी लगाम झटकला, हाकलून पाहिलं, हलेना.

आतून बेकरीवाला पुडकं घेऊन धावत आला. "आज दिवसाउजेडी, बापूसाहेब? घ्या तुमचा अंड्याचा केक."

बापूसाहेबांनी एकदा घोड्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"जागा फार लांब पडते हो," ते म्हणाले. "स्टँड आहे तिथेच राहू द्या. दगडांचं काय, दोन हात मागे घेता येतील. उस्मानभाई, टांगा फिरवा."

पुडकं तोवर उपरण्याखाली गेलं होतं.