शिंपीमास्तरांच्या घरची बाहुल्यांची आरास

गाडी बंगलोरच्या सिटी स्टेशनात शिरली तेव्हा मी ऑक्टोबरच्या महिन्यात शाल पांघरून बसले होते. पुण्यात या दिवसांत घामाने पदर ओला होतो. इथे हवा अशी, की सामान उतरवणाऱ्या हमालालाही घाई नव्हती. जटका (एका घोड्याची छपराची गाडी) रस्त्याला लागला आणि मी मान वर करून बघत राहिले. दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांच्या फांद्या वरती एकमेकींत गुंतल्या होत्या आणि खाली रस्ता झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. सरकारी कामावर आलोय, हे काही वेळ मी साफ विसरले. पत्ता शिवाजीनगरचा आहे असं जटकेवाल्याला सांगताना मला हसू आलं, कारण पुण्यातल्या शिवाजीनगरातूनच तर मी निघाले होते.

काम साधं होतं आणि तेच जमत नव्हतं. गरीब मुलांसाठी दिल्लीहून शाळांना जे अनुदान येतं, ते आमच्या जिल्ह्यात वाटायचं माझ्याकडे होतं. फी, पुस्तकं, गणवेश, सगळ्याची सोय त्यात असे. पण आमच्या कचेरीची पद्धत अशी, की पालकाने ‘मी गरीब आहे’ असं लिहून द्यायचं आणि पोराने तो कागद भर वर्गात मास्तरांच्या हातात नेऊन ठेवायचा. कोण देणार? मार्च संपला की उरलेली रक्कम दिल्लीला परत जाई. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, “बंगलोरच्या काही शाळांतून एक पैसा परत जात नाही म्हणे. जाऊन बघा, काय जादू करतात.”

ज्यांच्याकडे उतरले त्या कावेरीअक्का मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. घराणं मराठी, पण शिवकाळापासून इकडे स्थायिक झालेलं. पुणं त्यांनी नकाशातच पाहिलेलं. दारातच त्यांनी माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली.

“ये गे, बस. आधी काफी घे, मग काम. सरी?” (ठीक आहे?)

कॉफी पितळी पेल्यात, पेला पितळी वाटीत. ती वाटीत ओतून निववून प्यायची असते, हे मला जीभ पोळल्यावर कळलं. पाठोपाठ अक्की रोट्टी (तांदळाच्या पिठाची, कांदा-मिरची घालून थापलेली भाकरी) आली आणि वर लोण्याचा गोळा. मी जिभेचं दुःख विसरून तीन खाल्ल्या. अक्कांनी चौथी न विचारता वाढली.

पोट भरल्यावर मी वही काढली आणि विचारलं, की तुमच्याकडे लोक कागद लिहून देतात तरी कसे?

“कोण लिहून देईल गे? आम्ही काही लिहून मागतच नाही. आम्ही घरी जातो. बाहुल्या बघायला.”

दसऱ्याच्या दिवसांत इथे गोंबे हब्ब (बाहुल्यांचा सण) असतो. घरात पायऱ्या रचायच्या, त्यावर पांढरं धोतर अंथरायचं आणि बाहुल्या मांडायच्या. बघायला कोणीही यावं. पोरं तर दारोदार ओरडत फिरतात, “गोंबे कूरिसिद्दीरा?” (बाहुल्या मांडल्यात का?) अक्कांच्या शिक्षिकाही तशाच जायच्या. बसायच्या, उसळ खायच्या, बाहुल्यांचं कौतुक करायच्या. छप्पर गळतंय का, चुलीवर काय आहे, घरात किती पोरं आहेत, हे डोळ्यांना दिसतंच. मग अक्का आणि खात्याचे तपासनीस ‘घर पाहिलं, मदत योग्य’ असं लिहून सही करायचे. फी परस्पर भरली जायची. पालकाला मान खाली घालावी लागत नसे आणि वर्गात कोणाला पत्ताही लागत नसे.

‘घर पाहून खात्री करावी’ ही ओळ आमच्याही नियमांत होती. मी ती इतक्या वेळा टाइप करून घेतली होती, पण तिच्यासाठी चपला घालून बाहेर पडावं असं आम्हाला कधी सुचलं नाही.

संध्याकाळी निघालो. बरोबर तपासनीस शामण्णा होते. बंद गळ्याचा कोट, डोक्याला जरीकाठी म्हैसुरी फेटा, हातात छत्री. माणूस सरळ, पण ताठ. अक्का म्हणाल्या, की स्वतः पाहिलेलंच लिहायचं, ऐकीव काही नाही, असा त्यांचा बाणा आहे. त्यांची सही नसली तर नुसत्या अक्कांच्या सहीला किंमत नव्हती.

पहिलं घर शिंपीमास्तरांचं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही आणि त्यांच्या मुलीला शांता म्हणते. मास्तरही मराठीच, पिढ्यान्‌पिढ्या इकडे शिवणकाम करणारे. त्यांची नजर अधू झाली आणि मोठ्या दुकानाने काम देणं थांबवलं. शांता वर्गात पहिली येणारी, येत्या वर्षी हायस्कूलला जायची होती. फीची सोय झाली नाही तर तिला दुकानदारांकडची काजं-बटणं करायला बसवणार, हे ठरलेलं होतं. आणि मास्तर कुणापुढे हात पसरणारे नव्हते.

दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. एवढीशी खोली, पण पायऱ्या थेट कौलांना भिडलेल्या. सर्वांत वर लाकडी राजाराणी. खाली अवतार, लग्नाची वरात, हत्ती, वाण्याचं दुकान मांडून बसलेलं ढेरपोटं जोडपं. आरशाचं तळं, तळ्याकाठी उगवलेली खरीखुरी नाचणी आणि त्यात उभा निळ्या काचेचा मोर. समईच्या उजेडात ते सगळं हलतंय असं वाटत होतं. मी लहान मुलीसारखी खाली बसून एकेक बघत होते, आणि मास्तर इस्त्रीचा कोट घालून माझ्या तोंडाकडे बघत होते.

“तुम्ही आमच्या मुलखाचे,” ते म्हणाले. “आमचे आजे-पणजे तिकडून आले. म्हटलं, पाहुण्यांना दिसू दे, आमचं घर कसं आहे ते.”

शांताने द्रोणातून हरभऱ्याची उसळ दिली. शामण्णांनी द्रोण घेतला आणि आरास वरपासून खालपर्यंत पाहिली.

रस्त्यावर आल्यावर ते अक्कांशी कानडीत बोलले. अक्कांनी हळूच मला सांगितलं, “म्हणतात, हे घर दिल्लीच्या पैशांत बसत नाही. एवढ्या बाहुल्या ज्याच्या घरी, तो गरीब कसा?”

“पण तुम्हाला तर माहीत आहे!”

“मला माहीत आहे. राजाराणीची जोडी तेवढी त्याची, बायकोला लग्नात मिळालेली. बाकीचं सगळं गल्लीनं दिलं. मागल्या वर्षी तो हत्ती मी दुसऱ्या घरी बघितला.”

“मग सांगा ना त्यांना.”

अक्का थांबल्या. “त्यानं अब्रू झाकायला मांडलं, आणि मी तपासनिसापुढं ती उघडी करू? होत नाही माझ्याच्यानं. आणि ऐकीव तर ते लिहीतच नाहीत.”

मला फार वाईट वाटलं. पुण्याची पाहुणी येणार म्हणून गल्लीने घर सजवलं आणि त्या सजावटीनेच पोरीची शाळा जायची वेळ आली. मी आलेच नसते तर बरं झालं असतं, असं वाटत राहिलं. पण यादीतली बाकीची घरं त्याच गल्लीत होती, आणि शामण्णा छत्री टेकत पुढे चालू लागले होते.

शेजारचं घर तमिळ अम्मांचं. पायऱ्या होत्या, पण मधली अख्खी पायरी मोकळी. धोतरावर बाहुल्यांच्या बुडांचे गोल डाग तेवढे दिसत होते. शामण्णा तिकडे बघतायत हे पाहून अम्मा मोकळेपणी कानडीत बोलल्या आणि अक्कांनी मान दुसरीकडे वळवून ते माझ्यासाठी मराठीत केलं: “आमचे अवतार मास्तरच्या घरी गेले. त्यांच्याकडे परगावची बाई येणार, त्यांच्या पायऱ्या रिकाम्या कशा ठेवायच्या?”

पुढच्या घरी हत्तीची जागा रिकामी होती. त्याच्या पुढच्या घरी वरातीतले वाजंत्री तेवढे उरले होते, नवरा-नवरी नव्हते. त्या घरची सून हसत म्हणाली, की आमची जोडी पाहुणचाराला गेली आहे. कोणाला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

गल्लीच्या टोकाला एक बीबी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्याकडे बाहुल्यांचा सण नाही, पण नात अक्कांच्या शाळेत, म्हणून थांबलो. आतल्या कोनाड्यात नक्षीचा रुमाल अंथरलेला आणि वर काहीच नाही. शामण्णांनी स्वतःहून विचारलं, इथे काय होतं?

“कांच का मोर था जी,” बीबी म्हणाल्या. “मास्टर के घर कू दिये. पुने से मेहमान आरैं बोलके.” (पुण्याहून पाहुणे येतायत म्हणून.)

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. मोठी देवळं आणि राजवाडे मी पाहिले आहेत. त्या रिकाम्या कोनाड्यापुढे मला जेवढं लहान वाटलं तेवढं कुठेही वाटलेलं नाही.

बाहेर आल्यावर शामण्णांनी छत्री माझ्या हातात दिली. अक्कांच्या पिशवीवर कागद ठेवला आणि उभ्याउभ्याच लिहू लागले. लिहून झाल्यावर त्यांनी कागद अक्कांपुढे धरला. मास्तरांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘घर पाहिलं. शेजार पाहिला. मदत योग्य.’ खाली सही होती. अक्का “सरी” म्हणाल्या आणि खाली आपलीही सही केली.

निघायच्या दिवशी स्टेशनवर मास्तर आणि शांता आले. मास्तरांच्या हातात मोगऱ्याच्या गजऱ्यांचा पुडा होता, बायकोने ओवलेला. शांताला हायस्कूलमध्ये पाठवा, बाकीचं शाळा बघते, एवढंच अक्कांनी त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनीही जास्त विचारलं नव्हतं. गाडीने शिट्टी दिली तसे ते खिडकीशी आले.

“आरास आवडली ना तुम्हाला? पुण्यात सांगा. आपल्या लोकांना कळू दे, आम्ही इथं बरे आहोत.”

मी “सांगते” म्हटलं आणि गाडी हलली.

पुण्यात साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आपल्याकडे कुठे बाहुल्यांचा सण?” मी म्हटलं, चैत्रगौरीचं हळदीकुंकू तर आहे! त्या चैत्रात आमच्या शिक्षिका ओटीत हरभरे घेत घरोघर फिरल्या, आणि मीही फिरले. त्या वर्षी पैसे थोडे तरी कमी परत गेले.

मास्तरांचा निरोप मात्र माझ्याकडेच राहिला होता, तो आज पोचवते. मंडळी, बंगलोरच्या शिवाजीनगरात आपली माणसं बरी आहेत. त्यांच्या घरची आरास मी या डोळ्यांनी पाहिली. ती एवढी मोठी होती, की मांडायला अख्खी गल्ली लागली.