पोक देरिस आणि कोळंबीवरचा आळ

तेरेंगानूच्या किनाऱ्यापासून बोटीनं आठ तासांवर, भर समुद्रात, आमचा वायूचा प्लॅटफॉर्म उभा आहे. माणसं चाळीस, गंजके पाइप अगणित. पोलाद खाण्याच्या बाबतीत खाऱ्या वाऱ्याची भूक आमच्या जेवणाच्या टेबलालाही लाजवते. पाइपात वायू खेळत असल्यानं वेल्डिंगची ठिणगी चालत नाही. तिथं पोक देरिस लागतो. पोक म्हणजे आमच्याकडं काका.

गंज खरवडायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, मग कार्बनचं काळं कापड रेझिनमध्ये भिजवून पाइपाला थरावर थर गुंडाळायचं. रेझिन एकदा कालवलं की अर्ध्या तासात दगड. तेवढ्यात शिंक आली तर तिनं थांबायचं. असा बांधलेला पाइप पुढं वीस वर्षं तक्रार करत नाही.

रेझिनच्या वासामुळं त्याच्या ताडपत्रीच्या आडोशाला कुणी फिरकत नसे. दिवसभर तो पाइपाशीच बोले, "हलू नकोस रे, झालंच." तिथं त्याचं ऐकणारा तेवढा एकच होता. अठ्ठावीस दिवस समुद्रात काढून तो अठ्ठावीस दिवस दुंगूनच्या घरी जाई. बायको वारलेली, मुली लांब जोहोरला. "घरी भांडायलासुद्धा कुणी नाही," म्हणत चार दिवस आधीच बंदरावर येऊन बसे. त्याचं खरं घर म्हणजे आमचं जेवणाचं टेबल.

यंदा त्याच्या पापण्या सुजल्या. मेडिक शिवनेसननं विचारलं, "पोक, रेझिन बाधलं का?" रेझिन एकदा बाधलं की त्या माणसाला पुन्हा त्या कामाला लावत नाहीत, आणि पोकला दुसरं काम येत नव्हतं.

"छे! कोळंबी बाधली," पोक म्हणाला.

आचारी जेलानी कढईसकट बाहेर आला. "माझी कोळंबी? एकेकीच्या डोळ्यांत डोळे घालून निवडतो मी!"

पण नियम तो नियम: एकाला बाधलेली वस्तू सगळ्यांच्याच ताटातून जाते. कोळंबी बंद, आणि तिच्याबरोबर बेलाचानही. बेलाचान म्हणजे सुक्या कोळंबीचा उग्र गोळा. त्याच्याशिवाय आमची सांबल ही मिरचीची चटणी म्हणजे नुसतं लाल पाणी.

"पोक, तुझ्या पापणीपायी आम्ही उकडलेली अंडी गिळायची?"

"पापणी झाकून जेव की!"

पहिला आठवडा थट्टा चालली. मग थट्टाही बंद झाली. लोक ताटं घेऊन दुसरीकडं बसू लागले. मला ऐन जेवणाच्या वेळी महत्त्वाचे फोन आठवू लागले. पोकच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तो मान खाली घालून जेवायचा, आणि चाळीस माणसांत त्याच्या एकट्याच्या चमच्याचा आवाज ऐकू यायचा.

दोन आठवड्यांनी पोकनं बांधलेला पाइप तपासायला मी खाली गेलो, तर जेलानी नाक दाबून आडोशाशी उभा.

"पोक, तुझं बेलाचान मी बंद केलंच नाही. तुझ्या रश्शात रोज चमचाभर घालतोय."

"आणि मी मेलो असतो तर?"

"तर कोळंबी दोषी. मी मान्य केलं असतं. पण मागचा आठवडा कापड नव्हतं, तू रेझिनचा डबा उघडला नाहीस, चेहरा कसा गुळगुळीत! काल उघडलास. आज आरशात बघ." मग आवाज उतरवून म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही."

पोकचे हात थांबले नाहीत. रेझिन थांबू देत नाही. शेवटचा थर बसल्यावर तो म्हणाला, "ज्या टेबलासाठी खोटं बोललो, तिथं माझ्याजवळ बसतंय कोण?"

दुपारी तो ताट घेऊन उभाच राहिला. "कोळंबीनं काही केलेलं नाही. रेझिन बाधतंय. तीन महिने झाले."

मग एकच गिल्ला.

"म्हाताऱ्या, चौदा दिवस अंडी!"

"माझं पोट कोंबडीसारखं बोलायला लागलंय!"

शिव्या देत देत सगळे त्याच्याभोवती खुर्च्या ओढून बसले. जेलानीनं सांबलचं अख्खं भांडं त्याच्यापुढं आदळलं. पोक नाक पुसत जेवला, प्रत्येकाशी स्वतंत्र भांडला, दोनदा भात मागून घेतला. टेबलाच्या टोकाला शिवनेसन त्याला किनाऱ्यावर परत पाठवायचा फॉर्म भरत होता. अकरा वर्षांच्या ओळखीनंतर त्यानं हळूच विचारलं, "पोक, पूर्ण नाव?"

गुरुवारी बोट आली तेव्हा सगळे कामावर होते. निरोपाला मी एकटाच खाली उतरलो. पिशवी खांद्याला लावून पोक म्हणाला, "संध्याकाळी जेवायला काय आहे रे?"

मी बेत सांगितला. तोंडी लावायच्या कच्च्या पाल्यापर्यंत सगळा ऐकून घेऊन मगच त्यानं बोटीत पाय ठेवला.